इंग्लंडमध्ये घर घेताना सॉलिसिटर कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढची माहिती इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा. तिथे घराची ऑफरच सॉलिसिटरमार्फत जाते, त्यामुळे वकील आधी ठरवावा लागतो. स्टॅम्प ड्युटीचे आकडे इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२५ पासून लागू असलेल्या दरांचे आहेत. वेल्समध्ये या कराचे नाव आणि दर दोन्ही निराळे आहेत, आणि पहिल्या घराची वेगळी सवलत तिथे नाही.

भारतात खरेदीखत करतो, त्यापेक्षा इथले कन्व्हेयन्सिंग (घराची मालकी बदलण्याचे कायदेशीर काम) वेगळे ते काय?

महाराष्ट्रात वकील सर्च रिपोर्ट काढून देतो, पण शेवटी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आपल्यालाच जावे लागते. फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, सगळे समोरासमोर होते. इथे यातले काहीही नाही. घराची पूर्ण रक्कम तुमच्या सॉलिसिटरच्या क्लायंट अकाउंटमध्ये (अशिलांचे पैसे ठेवायच्या वेगळ्या खात्यात) जाते आणि तिथून विकणाऱ्याच्या सॉलिसिटरकडे. कर तुमचा सॉलिसिटरच भरतो, लँड रजिस्ट्रीत (मालकीची सरकारी नोंदवही) नाव तोच लावतो. कित्येकांनी आपला सॉलिसिटर कधी पाहिलेलाही नसतो. आयुष्यभराची पुंजी ज्याच्या खात्यातून जाणार, तो माणूस एजंटने पुढे केलेल्या कार्डावरून ठरवू नये, एवढ्यासाठी हे पान.

दुसरा मोठा फरक इसाराचा. ऑफर स्वीकारली म्हणजे घर आपले झाले, असे इथे नसते. कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज (सही केलेल्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. तुम्ही सर्व्हेवर सातशे पाउंड घालवलेत तरी विकणारा जास्त देणाऱ्याकडे वळू शकतो. त्यामुळे सॉलिसिटरचा वेग ही चैन नव्हे, त्यावर घर हातात येते किंवा जाते.

सॉलिसिटर की लायसन्स्ड कन्व्हेयन्सर?

साध्या खरेदीला दोन्ही चालतात. सॉलिसिटरच्या फर्मवर एसआरए या संस्थेचे नियंत्रण असते, लायसन्स्ड कन्व्हेयन्सरवर सीएलसीचे. विमा दोघांनाही सक्तीचा. फरक पडतो तो गुंता झाल्यावर. घटस्फोट चालू आहे, मालक वारला असून प्रोबेट (वारसांना मालमत्ता विकण्याची कोर्टाची मंजुरी) व्हायचे आहे, शेजाऱ्याशी हद्दीचा वाद आहे, अशा वेळी सॉलिसिटरच्या फर्ममध्ये बाजूच्या टेबलावर त्या विषयाचा माणूस असतो. कन्व्हेयन्सरला ते काम बहुधा बाहेर पाठवावे लागते. फर्मचे नाव एसआरए किंवा सीएलसीच्या यादीत शोधायला दोन मिनिटे लागतात. ती घालवा, कारण खऱ्या फर्मच्या नावाने खोट्या वेबसाइट चालवणारे ठग आहेत.

स्थानिकच हवा असे का म्हणतात? ऑनलाइन स्वस्त पडतो.

आधी ‘स्थानिक’ म्हणजे कुठला ते ठरवू. घर जिथे घ्यायचे आहे तिथला, तुम्ही आज राहता तिथला नव्हे. हाउन्स्लोत भाड्याने राहून डर्बीत घर घेणार असाल, तर तुमच्यासाठी स्थानिक सॉलिसिटर डर्बीचा.

त्याचा उपयोग असा. मँचेस्टरच्या आसपास बऱ्याच फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीच्या) घरांवर वर्षाला पाच-दहा पाउंडांची ‘चीफ रेंट’, म्हणजे जमिनीवरचे जुने देणे, असते. नवीन चीफ रेंट लावणे १९७७ च्या कायद्याने बंद झाले आणि जुन्या बहुतेक २०३७ मध्ये संपतील, पण तोवर त्या द्याव्या लागतात. तिथला सॉलिसिटर ती ओळ पाहून पुढे सरकतो. लंडनमधला नवखा केसवर्कर तीवर आठ प्रश्न लिहितो आणि दोन आठवडे जातात. डरहॅम, यॉर्कशायर, नॉटिंगहॅमशायर, साउथ वेल्स हा कोळशाच्या खाणींचा पट्टा, चेशायरमध्ये जमिनीखालच्या मिठाच्या उपशाने जमीन खचते, कॉर्नवॉलमध्ये कथलाच्या जुन्या खाणी. कुठल्या गावात कुठला जादा सर्च (नोंदींची तपासणी) मागवायचा, हे स्थानिक माणसाला सांगावे लागत नाही. उत्तरेकडच्या जुन्या रांगेतल्या घरांत एकाची खोली शेजाऱ्याच्या बोळावर आलेली असते. याला फ्लाइंग फ्रीहोल्ड म्हणतात, आणि काही बँका अशा घराला कर्ज देताना कुरकुर करतात. कुठल्या इमारतीचा मॅनेजिंग एजंट (इमारतीची व्यवस्था पाहणारा) सहा आठवडे उत्तर देत नाही, हेही त्याला ठाऊक असते.

तरी दरवेळी स्थानिकच हवा असे नाही. लँड रजिस्ट्रीत रीतसर नोंदलेले, कुठलीही वाढीव खोली न काढलेले, साधे फ्रीहोल्ड घर असेल तर चांगली ऑनलाइन फर्मही व्यवस्थित काम करते. लंडनच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटसाठी तर जवळच्या सर्वसाधारण वकिलापेक्षा लीजहोल्डचा (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या मालकीचा) जाणकार दूरचा असला तरी बरा. आणि छोट्या गावात एक अडचण हमखास येते: विकणारा आधीच त्याच फर्मचा अशील असतो. पहिल्याच फोनवर विकणाऱ्याचे नाव सांगून विचारा, नाहीतर ओळखपत्रे देऊन झाल्यावर ‘आम्हाला काम घेता येणार नाही’ असे पत्र येते.

एजंट म्हणतो, ‘आमचाच सॉलिसिटर घ्या, काम लवकर होईल’. घ्यावा का?

सक्ती तो करू शकत नाही. तुम्हाला पाठवल्याबद्दल फर्मकडून त्याला बहुधा रेफरल फी मिळते, आणि ती किती हे तुम्हाला सांगणे बंधनकारक आहे. लेखी विचारा. शंभर पाउंडांच्या आत असेल तर फारसे बिघडत नाही. तीन-चारशे असेल तर तेवढी रक्कम तुमच्याच बिलातून वसूल होते किंवा तुमच्या फाईलवर तेवढा कमी वेळ दिला जातो. बिल्डरकडून नवे घर घेताना हा आग्रह जास्त असतो, कारण तिथे रिझर्व्हेशननंतर २८ दिवसांत एक्स्चेंज करण्याची अट घालतात. अट पाळता येणारा स्वतंत्र सॉलिसिटर मिळतो, फक्त रिझर्व्हेशनच्या आधी शोधून ठेवावा लागतो.

नेमायचा कधी?

ऑफर मान्य व्हायच्या आधी दोन-तीन फर्मकडून कोटेशन घेऊन ठेवा. ऑफर मान्य झाली की त्याच दिवशी काम सोपवा, कारण एजंट सॉलिसिटरचे नाव मिळाल्याशिवाय विक्रीचा मेमो (ठरलेल्या विक्रीचे तपशील कळवणारे पत्र) काढत नाही.

पहिल्या फोनवर काय विचारायचे?

सगळ्यात आधी: ‘माझी फाईल कोण बघणार? त्यांचे नाव काय, आणि ते सुट्टीवर गेले तर कोण?’ वेबसाइटवर पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा पार्टनर दिसतो आणि प्रत्यक्षात फाईल नोकरीला लागून चार महिने झालेल्या केसवर्करच्या संगणकात असते. केसवर्कर असण्यात वाईट काही नाही, त्याच्यावर देखरेख कोणाची एवढे कळायला हवे. ‘टीम बघते’ असे उत्तर आले तर समजा की दर फोनला नवा आवाज ऐकायला मिळेल आणि घराची कथा पहिल्यापासून सांगावी लागेल.

मग विचारा की एका माणसाकडे सध्या किती फाईली चालू आहेत. साठ-सत्तर ऐकू आले तर ठीक, दीडशेच्या वर गेले की तुमच्या ईमेलला आठवड्याने उत्तर येईल. आकडा सांगायला टाळाटाळ झाली, तर तेही उत्तरच समजा.

फ्लॅट असेल तर: ‘११ मीटरपेक्षा उंच इमारतीची कामे घेता का?’ बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट २०२२ आल्यापासून अशा इमारतींत जादा प्रमाणपत्रे तपासावी लागतात, आणि कित्येक फर्म ही कामे सरळ नाकारतात. महिनाभराने हे कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

आणि आपल्या लोकांनी हा प्रश्न विसरू नये: ‘डिपॉझिटचे काही पैसे भारतातून येणार आहेत. तुमचे धोरण काय?’ समोरचा सहजपणे कागदांची यादी सांगू लागला तर माणूस सरावाचा आहे. ‘बघू पुढे’ म्हणाला, तर घोडे तिथेच अडणार.

कोटेशन कसे वाचायचे?

एसआरएच्या फर्मना डिसेंबर २०१८ पासून घरखरेदीचे दर वेबसाइटवर द्यावेच लागतात. तरीही जाहिरातीतला आकडा आणि शेवटचे बिल यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, कारण जाहिरातीत फक्त मूळ फी असते.

कोटेशन दोन भागांत पाहा. पहिला भाग फर्मची स्वतःची फी, आणि तिच्यावर २० टक्के व्हॅट. दुसरा भाग ‘डिस्बर्समेंट’, म्हणजे तुमच्या वतीने बाहेर भरलेले पैसे: सर्च, लँड रजिस्ट्रीची फी, स्टॅम्प ड्युटी. दुसऱ्या भागात फर्मगणिक फार फरक पडायला नको. पाणी मुरते ते पहिल्या भागात. ‘फक्त ४९५ पाउंड’ असे लिहिलेल्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर लीजहोल्ड म्हणून ३००, कर्ज आहे म्हणून १५०, भेट मिळालेली रक्कम तपासायला माणशी १००, स्टॅम्प ड्युटीचा फॉर्म भरायला ९५, लाइफटाइम आयसाचे (पहिल्या घरासाठीचे सरकारी बोनस असलेले बचत खाते) पैसे मागवायला ६०, बँक ट्रान्सफरला ४० असे एकेक लागत जाते. लीजहोल्ड फ्लॅट घेणाऱ्या, आई-वडील दोघांकडून पैसे येणाऱ्या माणसाचे ४९५ चे व्हॅट धरून १,६०० होतात. शेजारच्या फर्मने सरसकट १,२०० अधिक व्हॅट सांगितलेले असते, म्हणजे १,४४०, आणि ती महाग वाटून आपण सोडून आलेलो असतो.

म्हणून आपली सगळी परिस्थिती आधी लिहून द्या: किंमत, फ्रीहोल्ड की लीजहोल्ड, कर्ज किती, कोण किती पैसे देणार, नवे बांधकाम आहे का. आणि ‘यापलीकडे काय लागू शकते’ याचे लेखी उत्तर घ्या. खरेदी मोडली तर काय, हेही बघा. ‘नो सेल, नो फी’ असले तरी सर्चचे खर्च झालेले पैसे परत येत नाहीत.

बँकेच्या पॅनेलवर असणे म्हणजे काय?

तुमचा सॉलिसिटर सहसा बँकेचाही वकील असतो. त्यासाठी त्याची फर्म त्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्यताप्राप्त फर्मच्या यादीत, हवी. नसेल तर बँक स्वतःचा वेगळा वकील नेमते, त्याचा खर्च तुमच्या माथी आणि दोन वकिलांच्या पत्रव्यवहारात वेळ वेगळाच. कोटेशन घेतानाच बँकेचे नाव सांगा.

या दुहेरी भूमिकेची दुसरी बाजू अशी की तुम्ही सांगितलेली काही गोष्ट बँकेला कळवणे त्याला भाग असते. विकणाऱ्याने गुपचूप पाच हजार परत द्यायचे ठरवले, किंवा ‘भेट’ म्हणून दाखवलेली रक्कम खरे तर काकांचे कर्ज आहे, तर तो गप्प बसू शकत नाही.

आई-वडील भारतातून पैसे देणार आहेत. सॉलिसिटर काय मागेल?

मराठी घरांतल्या खरेद्या सगळ्यात जास्त इथे रखडतात, म्हणून जरा सविस्तर.

सॉलिसिटरला दोन गोष्टी कायद्याने तपासाव्या लागतात: पैसा कुठून आला, आणि त्या माणसाकडे तो मुळात कसा जमला. वडिलांच्या खात्यात चाळीस लाख दिसतात एवढे पुरत नाही. समजा, ते साताऱ्याजवळची जमीन विकून आले. मग साखळी अशी लागते: जमीन त्यांची होती हे दाखवणारा सातबारा, नोंदवलेले खरेदीखत, त्यातल्या किमतीइतकीच रक्कम खात्यात जमा झाल्याचे स्टेटमेंट, तिथून मुदत ठेवीत गेली असेल तर ठेवीची पावती, मग परदेशी पाठवल्याचा बँकेचा कागद आणि शेवटी तुमच्या इथल्या खात्यात आल्याची नोंद. कागदाला कागद जोडला गेला पाहिजे. मधला एक दुवा तुटला तरी प्रश्न येतो.

सातबारा आणि खरेदीखत मराठीत असते, तेव्हा प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागते. ते भारतात आधीच करून घ्या. ‘आर’ आणि ‘गुंठे’ यांचे चौरस मीटर भाषांतरातच लिहायला सांगा, नाहीतर त्यावरही ईमेल येतो.

खरेदीखतात पंचवीस लाख आणि प्रत्यक्षात चाळीस, वरचे पंधरा रोख, हा प्रकार इथे चालत नाही. त्या पंधरा लाखांना कागद नाही, म्हणजे सॉलिसिटरच्या दृष्टीने तो पैसाच नाही. उलट, संशय आला तर त्याला तो सरकारी यंत्रणेला कळवावा लागतो, आणि कळवले आहे हे तो तुम्हाला सांगूही शकत नाही. अशा पैशाचा भरवसा धरून ऑफर देऊ नका.

नावांचाही घोळ असतो. पासपोर्टवर आईचे नाव एका स्पेलिंगने, पासबुकावर दुसऱ्या, सातबाऱ्यावर माहेरचे. एकाच व्यक्तीची ही नावे आहेत असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून आधीच करून ठेवा.

पैसे देणाऱ्यांना एका पत्रावर सही करावी लागते: ही भेट आहे, परत मागणार नाही, घरात हक्क सांगणार नाही. त्यांची ओळखपत्रे आणि सहसा सहा महिन्यांची स्टेटमेंट लागतात. भेट कोणाकडून चालते याचे प्रत्येक बँकेचे नियम वेगळे. आई-वडील बहुधा चालतात, मित्र आणि चुलतभाऊ यांच्याबाबत विचारून घ्या.

भारताच्या बाजूने मर्यादा अशी की तिथे राहणाऱ्या माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. दहा लाख रुपयांच्या वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) कापते. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, पण तोपर्यंत अडकून पडतो. चाळीस लाख पाठवायचे तर सहा लाख त्यात जाणार हे धरून हिशेब करा. आई आणि बाबा यांनी आपापल्या पॅनवर निम्मी-निम्मी, त्यातही काही मार्चमध्ये आणि काही एप्रिलमध्ये पाठवली, तर हा भार बराच हलका होतो. तुमचेच पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या कमाईचे) असतील तर सीएचे प्रमाणपत्र लागते. एनआरई खात्यातले (परदेशातून पाठवलेल्या पैशांचे) सहज येतात.

पैसा आधी तुमच्या इथल्या खात्यात आणा. परदेशी खात्यातून थेट क्लायंट अकाउंटमध्ये आलेली रक्कम बहुतेक फर्म परत पाठवतात.

पुण्यात माझ्या नावावर फ्लॅट आहे. इथे हे माझे पहिलेच घर. स्टॅम्प ड्युटीची सवलत मिळेल ना?

नाही. ‘पहिले घर’ म्हणजे जगात कुठेही पहिले. वारसाहक्काने मिळालेले धरूनसुद्धा. आणि तुमच्या मालकीच्या घराची, किंवा त्यातल्या हिश्श्याची, किंमत ४०,००० पाउंड किंवा जास्त असेल (रुपयांत साधारण ४५ ते ५० लाख), तर सवलत तर नाहीच, वर ५ टक्के अधिभार बसतो.

३,५०,००० पाउंडांचे घर घेऊ. खरोखर पहिले घर असेल तर पहिल्या तीन लाखांवर शून्य, उरलेल्या पन्नास हजारांवर ५ टक्के: २,५०० पाउंड. सवलत नसेल, पण दुसरे घरही नसेल, तर ७,५००. पुण्यातला फ्लॅट अजून नावावर असेल तर २५,०००.

फ्लॅट नवरा-बायकोपैकी एकाच्या नावावर आणि इथले घर दुसऱ्याच्या नावाने घेतले, तरी अधिभार लागतो. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला या कामी एकच धरतात. गेल्या तीन वर्षांत वारशाने आलेला, निम्मा किंवा त्याहून कमी हिस्सा मात्र यातून वगळतात. सामाईक घरातला हिस्सा, वडिलांनी हौसेने टाकलेले नाव, हक्कसोडपत्र केले पण फेरफार झाला नाही, अशी काही भानगड असेल तर सॉलिसिटरला पहिल्याच आठवड्यात सांगा. पुष्कळ कन्व्हेयन्सिंग फर्म अशा वेळी कर-सल्लागाराकडे पाठवतात. त्याची फी पाचशे पाउंड झाली तरी द्यावी. ‘इथे कोणाला कळणार आहे’ म्हणून खोटे लिहिले तर सही तुमची असते, सॉलिसिटरची नव्हे.

लीजहोल्ड फ्लॅटमध्ये सॉलिसिटरने काय बघायला हवे?

लीजची किती वर्षे उरली आहेत, ते सर्वांत आधी. ऐंशीच्या खाली गेली की मुदत वाढवणे महाग पडते आणि बऱ्याच बँका मागे हटतात. मग ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचे वार्षिक भाडे) किती आणि दर किती वर्षांनी वाढतो. ३० जून २०२२ पासूनच्या बहुतेक नव्या लीजवर ग्राउंड रेंट नाही, पण जुन्या लीजवर आहे आणि दहा वर्षांनी दुप्पट होणारा असेल तर कर्ज मिळायला त्रास होतो. सर्व्हिस चार्जचे (इमारतीच्या देखभालीच्या वर्गणीचे) तीन वर्षांचे हिशेब, इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीची आलेली नोटीस, बाहेरच्या भिंतींच्या आगसुरक्षेचे कागद. हे मॅनेजिंग एजंटकडून पुडक्याने येतात, विकणारा त्याचे पैसे भरतो, आणि तो ते भरायला उशीर करतो. पहिल्याच आठवड्यात त्याच्यामागे लागायला सॉलिसिटरला सांगा.

सर्चमध्ये सगळे कळते का?

कळते ते फक्त तुमच्या प्लॉटपुरते. काउन्सिलचा सर्च समोरच्या रिकाम्या जागेत सहा मजली इमारत मंजूर झाली आहे हे सांगत नाही. ते काउन्सिलच्या प्लॅनिंगच्या पानावर स्वतः शोधा, फुकट दिसते. सॉलिसिटर घर पाहायलाही जात नाही. लँड रजिस्ट्रीचा नकाशा सात पाउंडांत मिळतो. तो घेऊन जागेवर जा, कुंपण, गॅरेज, सामाईक वाट जुळते का बघा आणि न जुळणारे फोटोसकट कळवा. भिंतीची ओल आणि छप्पर हे काम सर्व्हेयरचे.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. माळ्यावर खोली काढली आहे आणि बिल्डिंग रेग्युलेशनचे प्रमाणपत्र नाही, असे कळले की लोक थेट काउन्सिलला फोन लावतात. अशा त्रुटीवर इन्डेम्निटी विमा (पुढे त्यामुळे झालेले नुकसान भरून देणारा) मिळतो, पण काउन्सिलशी आधी संपर्क केला असेल तर विमा कंपनी तो देत नाही. वीस-तीस पाउंडांपासून मिळणारी पॉलिसी एका फोनने हातची जाते. अर्थात विमा खोली मजबूत करत नाही. ती राहण्यालायक आहे का, हे सर्व्हेयरलाच विचारा.

आई-बाबा आमच्याकडे राहायला येणार आहेत. याचा सॉलिसिटरशी काय संबंध?

घरात कायम राहणाऱ्या, पण मालक नसलेल्या प्रौढांकडून बँक एक संमतिपत्र घेते: कर्ज थकले तर आम्ही घरावर हक्क सांगणार नाही. त्यासाठी त्यांनी वेगळ्या वकिलाचा सल्ला घ्यावा असे सुचवले जाते. शेवटच्या आठवड्यात हे निघाले की धावपळ होते. त्यांनी पैसेही घातले असतील आणि ते परत मिळावेत अशी खरोखर अपेक्षा असेल, तर त्याला भेट म्हणू नका. सॉलिसिटरशी मोकळेपणाने बोला.

सही करायच्या वेळी मी भारतात असेन तर?

ट्रान्सफर (मालकी बदलाचा दस्त) आणि मॉर्गेज डीडवर (गहाणखतावर) साक्षीदार लागतो, आणि तुम्ही सही करताना तो त्याच खोलीत हजर असावा लागतो. व्हिडिओ कॉलवर चालत नाही. साक्षीदार घरचा नको, शेजारी किंवा सहकारी घ्या. जाण्याआधी सॉलिसिटरला सांगितले तर तो डीड लवकर तयार करून तारीख न टाकता सही घेऊन ठेवतो.

किती दिवस लागतात? आणि फाईल हललीच नाही तर?

तीन ते पाच महिने धरून चाला, पुढे-मागे खरेदीदारांची साखळी असेल तर जास्त. रोज फोन करून काम वेगाने होत नाही. आठवड्यातून एक ईमेल, त्यात मोजका प्रश्न: ‘कुठल्या एन्क्वायरीची (विकणाऱ्याच्या बाजूला विचारलेल्या प्रश्नांची) उत्तरे बाकी आहेत आणि कोणाकडून?’ उत्तर ‘वाट बघतोय’ एवढेच येत राहिले तर देखरेख करणाऱ्या पार्टनरला लिहा. त्याने काही झाले नाही तर फर्मकडे रीतसर तक्रार. त्यांना आठ आठवडे असतात, नंतर लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणारी स्वतंत्र यंत्रणा) जाता येते. मधेच सॉलिसिटर बदलता येतो, पण झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात आणि नवा माणूस पहिल्या पानापासून वाचतो. एक्स्चेंज तोंडावर असताना बदलणे सहसा परवडत नाही.

पैसे पाठवताना फसवणूक कशी टाळायची?

एक्स्चेंजच्या वेळी साधारण १० टक्के आणि कम्प्लिशनला (किल्ली मिळण्याच्या दिवशी) उरलेली रक्कम जाते. ठग नेमक्या त्या आठवड्यात सॉलिसिटरच्या नावाने ईमेल करतात: ‘आमचे खाते बदलले आहे.’ खाते क्रमांक पहिल्या भेटीत किंवा पोस्टाने आलेल्या कागदावरून घ्या, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून वाचून दाखवा, आधी एक पाउंड पाठवा, मिळाल्याचे फोनवर ऐका, मग बाकीचे. एक्स्चेंज झाले की घराचा विमाही त्याच दिवसापासून सुरू करा. किल्ली हातात नसली तरी बहुतेक करारांत नुकसानीची जोखीम तेव्हापासून तुमची असते.

किल्ली मिळाली. आता सॉलिसिटरचे काम संपले?

अजून दोन कामे उरतात. स्टॅम्प ड्युटीचे रिटर्न कम्प्लिशननंतर १४ दिवसांत भरायचे असते. ते भरल्याची पावती मागून घ्या. मग लँड रजिस्ट्रीत नोंद. कधी ती काही आठवड्यांत होते, कधी बरेच महिने लागतात. नोंद झाल्यावर रजिस्टरची प्रत येते. ती फाईलला लावण्याआधी नावांचे स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा, वडिलांचे नाव मधे आले आहे का तेही बघा. पत्रव्यवहारासाठी तीन पत्ते देता येतात, त्यातला एक ईमेल असू शकतो आणि एक भारतातला. काही वर्षांनी घर भाड्याने देऊन परत जाण्याचा विचार असेल तर ते आत्ताच करा, आणि लँड रजिस्ट्रीची मोफत प्रॉपर्टी अलर्ट सेवा सुरू करा. तुमच्या घराच्या नोंदीत कोणी बदल करायला अर्ज केला की ईमेल येतो.